आठवा महिना

आषाढातली गोष्ट. सूनबाई स्वयंपाकघरातून विचारत होती, "काय गं, आठवा लागला ना?" आणि नात न्हाणीघरातून ओरडून सांगत होती, "सोमवारीच लागला!" नेमक्या त्याच वेळी शेजारच्या वहिनी कढीलिंब न्यायला मागीलदारी उभ्या. नात अजून लग्नाची आहे. वहिनींनी थोडा वेळ पानं मोजल्यासारखं केलं, आणि मग अगदी हळू आवाजात मला म्हणाल्या, "बाईनू, आठवो म्हयनो कोणाक?"

"केसांक," मी म्हटलं.

तर मंडळी, विषय केसांचा आहे. सत्तरी उलटलेल्या मास्तरीणबाईने पार्लरच्या भानगडीवर लिहावं याचं काहींना हसू येईल. येऊ दे. गेले दहा-अकरा महिने आमच्या घरात या विषयावर जेवढी चर्चा झाली तेवढी निवडणुकीवरही झाली नाही, म्हणून लिहून टाकते. शिवाय आमच्या नात्यागोत्यात कुरळ्या केसांच्या मुली बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्याजणी दर सहा महिन्यांनी त्या खुर्चीत जाऊन बसतात, हेही मला ठाऊक आहे.

आमची सोनू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पहिल्यांदा केस सरळ करून आली. तेव्हा त्याला स्ट्रेटनिंग म्हणायचे, मग रिबॉन्डिंग आलं, आता स्मूदनिंग म्हणतात. नाव बदललं की दर वाढतो, एवढं मला कळलं. त्या दिवशी ती दारात उभी राहिली तर मी क्षणभर ओळखलंच नाही. केस असे खाली सोडलेले, जणू इस्त्री करून टांगलेला परकर! सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. आणि चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी तिच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. तेव्हापासून सहा वर्षांत दहा-अकरा वेळा झालं. दर वेळचे पाच हजार धरले तर पन्नास-पंचावन्न हजार. सुरुवातीच्या वर्षांत तेवढ्यात एक तोळा आला असता, असं सूनबाई म्हणते. बायकांचा हिशेब शेवटी तोळ्यावरच येतो.

आता हे होतं कसं, ते मी समजून घेतलं. मी बीए मराठीची, विज्ञान माझा विषय नव्हे. पण चाळीस वर्षं मुलांना समजावून सांगायची सवय, त्यामुळे स्वतःला समजल्याशिवाय चैन पडत नाही. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याचे धागे एकमेकांना दोन तऱ्हेच्या टाक्यांनी जोडलेले असतात. एक कच्चे टाके, ते पाण्याने सुटतात आणि वाळल्यावर पुन्हा बसतात. दुसरे पक्के, गंधकाचे. केस जळला की जो घाणेरडा वास येतो तो या गंधकाचा. कुरळा केस कुरळा राहतो तो बराचसा या पक्क्या टाक्यांमुळे. पार्लरमधलं पहिलं औषध, बहुधा थायोग्लायकोलेट जातीचं, हे टाके उसवतं. मग केस ताणून, गरम इस्त्रीने सपाट करून दुसरं औषध लावतात. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते नवीन जागी टाके पुन्हा घालतं. ब्लाउज उसवून पुन्हा शिवावा तसं. आणि उसवलेल्या कापडाचं काय होतं हे शिवणकाम येणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. एकदा चालतं, दुसऱ्यांदा भोकं दिसायला लागतात.

केराटिन ट्रीटमेंट म्हणून जे असतं ते वेगळं. तो वरचा लेप, तो चार-पाच महिन्यांत धुऊन जातो. स्मूदनिंग मात्र धुऊन जात नाही. जो केस सरळ झाला तो कापेपर्यंत सरळ. मग पुन्हा पुन्हा करायचं कशाला? तर मुळाला यातलं काही कळवलेलं नसतं. मुळाचा खड्डाच मुळी वाकडा, त्यातून नवा केस वाकडाच निघतो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, थोडा जास्तच. वर्षाला पंधरा सेंटिमीटर. म्हणजे सहा महिन्यांनी डोक्यावर सात सेंटिमीटर कुरळं रान आणि त्याखाली सरळ धार. वर सुंभ आणि खाली हीर! आमच्या मालवणात नारळाच्या झाडाने दोन्ही दिलेत, पण एकाच डोक्यावर ते बरे दिसत नाहीत. ती वरची वाढ सरळ करून घेण्याला 'टच-अप' म्हणतात, आणि दोन टच-अपमधलं अंतर वाढवायचं, हा आमच्या घरातला यंदाचा प्रकल्प.

इथल्या हवेत तर हे फारच कठीण. पावसाळ्यात आमच्याकडे दारं फुगतात, मीठ पाझरतं, काडेपेटी ओढत नाही. केस तरी कोरडा कसा राहील? १७८३ साली जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने हवेतला दमटपणा मोजायला माणसाच्या केसाचंच यंत्र केलं होतं. अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत गेला की केस सुमारे अडीच टक्के लांबतो, आणि तो लांबला की काटा सरकतो. पुढे कितीतरी वर्षं हवामान खात्यांतून अशी केसाची यंत्रं वापरात होती. पुण्यातली मुलगी सकाळी केस सरळ करून बाहेर पडली तर संध्याकाळपर्यंत ते तसेच राहतात. मालवणात भरडावर पोहोचेपर्यंत ते उभे राहतात. तिकडच्या मैत्रिणींच्या सल्ल्यावर इथे चालत नाही हे सोनूला फार उशिरा पटलं.

हे केस सरळ करण्याचं वेड आपलं एकटीचं नाही. अमेरिकेत गॅरेट मॉर्गन नावाचा एक कृष्णवर्णीय कारागीर होता, शिलाई यंत्रं दुरुस्त करायचा. वेगाने चालणाऱ्या सुईने लोकरीचं कापड करपू नये म्हणून तो एक द्रव बनवत होता. तो हाताला लागला, त्याने फडक्याला पुसला, आणि थोड्या वेळाने पाहतो तर फडक्याची लव सरळ झालेली! मग म्हणे शेजाऱ्याच्या कुत्र्यावर लावून पाहिला आणि नंतर स्वतःच्या डोक्यावर. १९१३ साली त्याने केसांच्या मलमाची कंपनीच काढली. याच गृहस्थाने पुढे १९२३ मध्ये वाहतुकीच्या सिग्नलचं पेटंट घेतलं. तिकडच्या 'रिलॅक्सर' मलमात पुढे सोडियम हायड्रॉक्साइड आलं, म्हणजे आपण घरी साबण करताना वापरतो तो कॉस्टिक सोडा. तो डोक्याला लावायचा! तिकडच्या बायका सहा-आठ आठवड्यांनी टच-अप करायच्या, आणि जरा शहाण्या झालेल्या त्या ते अंतर ओढून बारा, सोळा आठवड्यांवर नेतात. म्हणजे आमची सोनू जे करते आहे ते जगात दुसरीकडे लाखो बायका करून बसल्या आहेत. कॅलिफोर्नियात तर २०१९ साली कायदा झाला, की जन्मजात केसांच्या ठेवणीवरून कोणाला शाळेत किंवा नोकरीत दुजाभाव करता येणार नाही. केसांसाठी कायदा करावा लागतो, यावरून काय ते समजा.

एक उपयोगाची गोष्ट इथेच सांगते. कॉस्टिकची पद्धत आणि थायोची पद्धत एकावर एक करायची नसते, केस तुटून हातात येतो. म्हणून जिथे जाल तिथे काय लावलं त्याचं नाव लिहून घ्यायचं, डब्याचा फोटो काढून ठेवायचा. औषधाच्या चिठ्ठ्या आपण जपून ठेवतो ना, तसं.

अंतर वाढवायचं हे ठरलं ते वैशाखात. त्याआधी मार्गशीर्षात मावसबहिणीच्या लग्नासाठी सोनूने शेवटचं करून घेतलं होतं. ते एका नव्या ठिकाणी. कुठल्या ते लिहीत नाही. तिथे फक्त मुळांना लावायचं औषध त्यांनी घाईत सगळ्या केसांना लावलं आणि वेळेपेक्षा जास्त ठेवलं. डाव्या कानामागे भाजल्याचा चट्टा उठला. तो बरा झाला. पण पुढे चार-पाच महिन्यांत टाळूजवळचे केस तुटायला लागले. गळायला नव्हे, तुटायला. गळलेल्या केसाला टोकाशी पांढरा मणी असतो, तुटलेल्याला नसतो. हे मला तिनेच उशीवरचे केस दाखवून शिकवलं. तो तुटत होता नेमका कुरळा आणि सरळ केस जिथे भेटतात त्या रेघेवर. त्वचेच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाल्या, आधीच औषध लागलेल्या केसाला पुन्हा हात लावायचा नाही, आणि निदान वर्षभर तरी थांब.

त्याच दिवसांत मुंबईच्या माझ्या धाकट्या बहिणीने दोन बातम्या वाचून दाखवल्या. अमेरिकेत ३५ ते ७४ वयाच्या ३३ हजारांहून जास्त बायकांचा जवळजवळ अकरा वर्षं मागोवा घेतला होता, ते निष्कर्ष २०२२ च्या ऑक्टोबरात छापून आले. ज्यांनी केस सरळ करणारी औषधं कधी वापरली नाहीत त्यांच्यात सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण १.६४ टक्के निघालं, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. यात औषधानेच झालं असं सिद्ध होत नाही, दोन गोष्टी बरोबर आढळल्या एवढंच. तरी त्यात 'किती वेळा' याला महत्त्व आहे, हे माझ्या डोक्यात बसलं. दुसरी बातमी २०२४ ची. ट्युनिशियातल्या एका २६ वर्षांच्या तरुणीचं मूत्रपिंड तीनदा बिघडलं, २०२०, २०२१ आणि २०२२ साली, आणि तिन्ही वेळा ती आदल्या दिवसांत केस सरळ करून आली होती. मलमात ग्लायऑक्सिलिक आम्ल निघालं. डॉक्टरांनी ते उंदरांच्या पाठीवर लावून पाहिलं तर त्यांच्या मूत्रपिंडातही ऑक्झलेटचे खडे सापडले. गंमत अशी की हे आम्ल बाजारात आलं ते फॉर्मॅल्डिहाइडला पर्याय म्हणून. फॉर्मॅल्डिहाइड म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक ठेवायला वापरायचे ते फॉर्मॅलिन. ज्या पार्लरमध्ये डोळे चुरचुरतात तिथून उठून यावं, हे आपलं माझं मत.

सोनूला मी भीती घातली नाही. भीती घालून काही सुटत नाही हे शाळेत शिकले. तिने स्वतःच वाचलं आणि म्हणाली, "आजी, मला सोडायचं नाहीये. फक्त उशीर करायचाय." मला हे आवडलं. सगळं सोडून देतो म्हणणारी माणसं आठ दिवसांत परत येतात.

आमच्या वडीलधाऱ्या नात्यातल्या एक बाई मात्र गणपतीला आल्या तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाल्या, "देवान दिलेला तां कित्याक बदलूचा?" वाक्य ऐकायला छान आहे. पण मला माझ्या वडिलांची आत्या आठवली. लहानपणी विधवा झालेली, लाल आलवणातली. दर काही आठवड्यांनी न्हावी मागीलदारी यायचा आणि ती खाली मान घालून बसायची. देवाने तिला जे दिलं होतं ते कोणी ठेवू दिलं? १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवायचा नाही म्हणून संप केला होता. तो संप होऊन साठ-पासष्ट वर्षं झाली तरी आमच्या मागीलदारी तो वस्तरा येत होता. तिचे केस कसे होते, सरळ की कुरळे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "मला तरी काय आठवणार?" त्यामुळे मुलीने स्वतःच्या केसांचं काय करावं यावर बोलताना माझी जीभ जरा जडच होते. तिने सरळ करावेत, कुरळे ठेवावेत, फक्त डोकं भाजून घेऊ नये.

शिवाय तिला हे वेड लागलं ते काही आरशात बघून नाही लागलं. शाळेत दोन वेण्या, लाल रिबिनी, वर दुमडून बांधलेल्या. कुरळ्या केसांची वेणी मधल्या सुट्टीपर्यंत सुटायला लागते. एका बाई तिला रोज वर्गासमोर उभं करायच्या आणि "झिपरी" म्हणायच्या. ती शाळा कोणती हे सांगण्यात अर्थ नाही, अशा बाई सगळ्याच शाळांत असतात. मी पण याच धंद्यातली, म्हणून एवढंच सांगते, की मुलं गणित विसरतात, हे विसरत नाहीत.

असो. आता काय काय केलं ते.

पहिली गोष्ट म्हणजे तेल. खोबरेल आमच्याकडे घाण्यावरून येतं. सोनूला तेल लावायचा कंटाळा, चिपचिपीत दिसतं म्हणून. पण तेल लावून मिरवायचं नसतं, न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा दोन तास आधी लावायचं, हे मुख्य. केस पाण्यात फुगतो आणि वाळताना आकसतो, या ओढाताणीत तो झिजतो. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि पाणी कमी शिरू देतं. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी मुंबईत हे मोजलं होतं, २००३ साली त्यांचा निबंध छापून आला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल अशी तिन्ही लावून पाहिली. धुताना केसातून वाहून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं, चांगल्या केसात आणि औषधं लागून बिघडलेल्या केसातही. कारण त्यातलं लॉरिक आम्ल बारीक आणि सरळ साखळीचं, ते आत घुसू शकतं. आता हे दोघे ज्या कंपनीत होते ती खोबरेलच विकते, हे लक्षात ठेवून वाचायचं. तरी माझ्या आजीला जे माहीत होतं त्याला कोणीतरी तराजू लावला, याचं मला बरं वाटलं.

एरंडेल लावून पाहिलं. नको. इतकं चिकट की फणी अडकून केस आणखी तुटले, आणि उशीचा अभ्रा फेकावा लागला. कांद्याच्या रसाला सोनूने पहिल्याच दिवशी हात जोडले. नारळाचा रस लावला तेव्हा केस खरंच मऊ झाले, पण दिवसभर घरात असा वास, की एक आमसूल टाकलं असतं तर सोलकढीच. टोकांना मात्र भिरंडेल उत्तम. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल आम्ही टाचांच्या भेगांना लावतो. नखाएवढं घेऊन तळहातावर विरघळवायचं आणि शेवटच्या चार बोटांना चोळायचं. टोकं फाटायची थांबली.

सगळ्यात उपयोग झाला तो जास्वंदीच्या पानांचा. फुलांचा नव्हे. लाल साध्या जास्वंदीची मूठभर पानं पाण्यात चुरगाळली की बुळबुळीत रस निघतो, तो गाळून केसाला लावायचा. त्याने केस वाढतात वगैरे मी म्हणणार नाही, मला तसं काही दिसलं नाही. पण गुंता असा सुटतो की काय सांगू. आणि अंतर वाढवायचं तर सगळी लढाई गुंत्याशीच आहे. कुरळा केस ओला असताना विंचरायचा असतो, कोरडा विंचरला की पिंजारतो. औषध लागलेला सरळ केस ओला असताना सगळ्यात अशक्त असतो, तो तेव्हा विंचरायचा नसतो. आता एकाच केसाचा वरचा अर्धा एका जातीचा आणि खालचा दुसऱ्या, तर करायचं काय? सोनूने यावर तोडगा काढला. न्हाण्याआधी तेल लावलेल्या केसांचे चार भाग करायचे, मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून वर वर येत सोडवायचे, चार सैल वेण्या घालायच्या आणि वेण्यांसकट न्हायचं. शेवटी जास्वंदीचा रस. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. यात रविवारची सकाळ जाते. मी तिला वाती वळता वळता गोष्टी सांगते, तेवढाच वेळ ती माझ्या तावडीत असते. :-)

पाण्याचीही भानगड आहे. आमची विहीर खाडीपासून फार लांब नाही, उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं. त्या पाण्याने साबण नीट फेसाळत नाही आणि केसावर राप बसतो. मार्च ते मे शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घ्यायचा, असं ठरवलं. पावसात पागोळीचं पाणी पिंपात धरलं, त्यासारखं सुख नाही. शिकेकाई की शाम्पू यावर आमच्यात वाद आहे. शिकेकाईचं पाणी किंचित आंबट असतं, साबणासारखं केसाचे खवले उचकटत नाही, हे खरं. पण तिची पूड कुरळ्या केसातून निघता निघत नाही, हेही खरं. त्यामुळे सौम्य शाम्पू, आठवड्यातून एकदाच.

ती रोज दुचाकीवरून चौके-धामापूर मार्गे कुडाळला नोकरीला जाते. हेल्मेट! बरोब्बर टाळूवर, जिथे केस तुटत होते तिथेच ते घासायचं. आता आतून जुन्या रेशमी साडीच्या तुकड्याचा रुमाल बांधते. माझ्या लग्नातल्या एका साडीचा काठ गेला होता, पदर शाबूत होता. त्याचे दोन रुमाल आणि एक उशीचा अभ्रा झाला. सूनबाई हळहळली. मी नाही. साडी पेटीत पडून तरी काय करत होती?

इस्त्री पूर्ण बंद केलेली नाही. समोरचे दोन बोटं केस, कपाळावर येणारे, तेवढे ती आठवड्यातून एकदा सरळ करते. मीटिंग असते म्हणे. बाकी सगळं मागे घेऊन बांधलं की वरचं रान झाकतं. पाचव्या महिन्यात जमत होतं, आठव्यात कठीण झालं, नवव्यात गणपतीसाठी सगळे चाकरमानी जमल्यावर तिने दोन दिवस रडून घेतलं. फोटोत सगळ्या बहिणींचे केस पाण्यासारखे आणि हिचे वर फुललेले. दुसऱ्याच दिवशी ती पार्लरला फोन करणार होती. मी काही बोलले नाही. तिने फोन हातात घेतला, कानामागचा चट्टा चाचपला, आणि फोन ठेवून मोदकांच्या उकडीला बसली. दहाव्यात खालचे चार बोटं केस कापून टाकले.

एक फायदा अचानक कळला. फाल्गुनात शिरोडा-आरवलीकडची सुरंगी येते. तिचे वळेसर मला फार प्रिय, दोन दिवस घर भरून राहतं. गेली सहा वर्षं सोनूच्या केसांत वळेसर टिकतच नव्हता, आकडा लावला तरी सुळकन खाली. यंदा नवे केस चांगले तीन-चार सेंटिमीटर आले होते, त्यात आकडा रुतला आणि वळेसर संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही.

आणि एक गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही, इथेच वाचेल. तिचे हे केस माझ्याकडून आलेले नाहीत, माझे पहिल्यापासून दोऱ्यासारखे. ते तिच्या आजोबांचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते पावसातून आले की डोक्यावर असेच बारीक वेटोळे उठायचे, पंच्याने पुसले तरी बसायचे नाहीत, आणि ते वैतागून खोबरेलाची बाटली मागायचे. श्रावणात एका सकाळी सोनू ओटीवर पाठमोरी बसली होती, टाळूवर सगळे नवे केस. मी चहाचा कप घेऊन थोडा वेळ दारातच थांबले.

आता खरा प्रश्न पुढे आहे. तिच्यासाठी देवगडकडचं एक स्थळ आलं आहे. त्यांनी बघितलेला फोटो सरळ केसांचा. सूनबाईचं म्हणणं, "आता एवढं एकदा करून घे, मग हवं ते कर." तिचंही चुकत नाही, आई आहे. मुलीला कोणी नाकारलं तर रात्री कूस कोण बदलणार? मुलगा माझा नेहमीप्रमाणे दोघींचंही बरोबर म्हणतो. सोनू शांतपणे म्हणाली, "आणि उद्या मूल झालं नि त्याचे केस कुरळे निघाले, तर त्यांना काय सांगायचं?" सूनबाईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण हसू आलं.

शेवटी असं ठरलं, की फोटो नवा पाठवायचा. तो गेला. पाच दिवस तिकडून काही निरोप नाही, तेवढ्यात सूनबाईने दोनदा माझ्याशी भांडण काढलं. सहाव्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला, येत्या रविवारी येतो म्हणून. केसांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. बघितलं नसेल, किंवा बघितलं असेल. टच-अपचं तुळशीच्या लग्नानंतर बघू, असं सोनू म्हणते. तोवर वर्ष पुरं होईल, आणि तेव्हाही फक्त नव्या केसांना, चट्ट्यापासून लांब, डॉक्टरांना विचारून. कदाचित करणारही नाही. तिने अजून ठरवलेलं नाही आणि मी विचारत नाही.

रविवारी ती मोकळे सोडणार नाही, वेणीही नाही. अंबाडा घालायचा म्हणते. या केसांचा अंबाडा मोठा होतो, घरातले आकडे पुरायचे नाहीत. बाजारात गेले की दोन पुड्या घेऊन येते.